रिव्हॉल्व्हर बत्तीस बोअरचंच का?

आपल्या सुरतेत हिरेबाजारात, महिधरपुऱ्यात म्हणा की वराछाला, कुणाच्या कमरेला लायसन्सचं रिव्हॉल्व्हर दिसलं तर ते बहुधा बत्तीस बोअरचं. मला वाटायचं, व्यापाऱ्यांची पसंती असेल. तसं नाही.

आधी बोअर म्हणजे काय ते सांगतो. आमच्या बँकेच्या दारात रखवालदाराकडे बारा बोअरची दुनळी असायची. तो बारा हा चक्क वजनाचा हिशेब! एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक. रिव्हॉल्व्हरचा बत्तीस मात्र इंचाचा, ०.३२ इंच, म्हणजे साधारण आठ मिलिमीटर.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेत आले आणि इंग्रजांचा जॉर्ज ऑक्झेंडन वखार धरून बसला, तेव्हा सगळ्या बंदुका ठासणीच्या. ज्याची त्याची नळी वेगळी, म्हणून गोळी ओतायचा साचाही ज्याचा त्याचा. दारू मोजून घालायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. पुढे धातूची काडतुसं आली, तरी शिकारी मंडळी पितळी काडतूस परत भरून वापरत. अमेरिकेत लोक अजून घरी भरतात, हौसेने आणि पैसे वाचवायला. आपल्याकडे ते चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला वेगळं लायसन्स लागतं, बंदुकीचं असून भागत नाही. आणि आजोबांच्या ट्रंकेत जुनी काडतुसं निघाली तर आठवण म्हणून ठेवू नका हो. पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या दुकानदाराकडे जमा करायची असतात.

आता बत्तीसचं. २०१६ पर्यंत लागू असलेल्या १९६२ च्या नियमांत बंदी घातलेल्या हत्यारांची यादी होती. लष्कराची .३८० किंवा .४५५ ची काडतुसं, नऊ मिलिमीटर किंवा .४५ ची काडतुसं ज्यात बसून उडतील, असं कुठलंही पिस्तूल-रिव्हॉल्व्हर सामान्य माणसाला नाही. कारण उघड आहे. सरकारी कोठारातून काडतूस बाहेर गेलं तरी ते खाजगी हत्यारात बसू नये. इटलीतही वर्षानुवर्षं लष्करी नऊ मिलिमीटर नागरिकांना बंद होतं, म्हणून तिथे थोडं लांब काडतूस निघालं. आपल्या वाट्याला मुख्यतः बत्तीस उरला. ते काडतूस मूळचं अमेरिकेतलं, १८९६ सालचं! जुनं आणि बेताच्या ताकदीचं. कुणी नाक मुरडतो, पण कोठाराचा हिशेब सांभाळलेल्या माणसाला हा नियम पटतो.

त्यातून १९८० च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात नागरिकांना बंद झाली. मग कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस रिव्हॉल्व्हर आलं. २०१४ मध्ये त्यांनीच महिलांसाठी ‘निर्भीक’ काढलं, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तेही बत्तीसच. काडतुसं मात्र आपल्या पुण्याच्या खडकीची, १८६९ सालापासूनच्या दारूगोळा कारखान्यातली.