अन्यापदेशी कवी आणि सोळा खांबांची सभा

राजशेखराची 'काव्यमीमांसा' पदव्युत्तर वर्गात पोहोचते ती बहुधा दोन शब्दांपुरती: कारयित्री आणि भावयित्री. प्रतिभेचे हे दोन प्रकार पाठ झाले, त्यांवर टीप लिहून झाली, की राजशेखर संपतो. वास्तविक या ग्रंथाचा बराच भाग लिहिणार्‍यांनी एकमेकांशी कसे वागावे याविषयी आहे. नवशिक्याने आपली रचना कोणापुढे वाचावी, जाणत्याने ती कशी ऐकावी, सभेत कोणी कोठे बसावे आणि कोणी कोणाचे किती उचलावे, या प्रश्नांचा इतका सविस्तर विचार करणारा दुसरा जुना ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

आसेगावात बसून हा ग्रंथ वाचणार्‍यास त्यात एक गाव ओळखीचे भेटते. तिसर्‍या अध्यायात सरस्वतीपुत्र काव्यपुरुषाची कथा आहे. रुसून निघालेल्या या मुलाला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि ती त्याच्यामागे देशोदेशी फिरते. पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत तो थोडा थोडा वळत जातो. विवाह मात्र होतो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम, आमच्या जिल्ह्याचे ठिकाण. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. 1939 साली येथेच दुसर्‍या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आनंदवर्धनासारख्यांनी वाखाणले. आज ते उरले आहे ते केवळ इतरांनी घेतलेल्या उतार्‍यांत. राजशेखर हे सारे संपल्यावर चारएकशे वर्षांनी, कनौजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयाने लिहीत होता. तो स्वतः यायावर कुळातला, आणि पणजोबांचा उल्लेख महाराष्ट्राचा चूडामणी असा करणारा. काव्याचे लग्न लावायला त्याला आमचेच गाव आठवावे, यात घरच्या मातीची ओढ असेलही. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1916 साली हा ग्रंथ पहिले पुष्प म्हणून छापला गेला. योजिलेल्या अठरा अधिकरणांपैकी 'कविरहस्य' हे पहिले तेवढे हाती आले आहे.

या 'कविरहस्या'त कवीच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. पहिली काव्यविद्यास्नातकाची, कवी व्हावयाचे म्हणून तो गुरुगृही विद्या-उपविद्या शिकतो. दुसरा हृदयकवी; तो मनातच रचतो आणि मनातच लपवतो. तिसरा अन्यापदेशी, रचना केलेली असते, परंतु दोष निघतील या धास्तीने ती दुसर्‍याची म्हणून वाचून दाखवतो. पुढे कोणा एका पूर्वसूरीच्या छायेत सराव करणारा सेविता येतो. मग सुटी पद्ये निर्दोष रचणारा पण प्रबंध न बांधणारा घटमान, त्यानंतर महाकवी, कविराज आणि आणखी तीन. शेवटच्या तिघांत मंत्रसिद्धीचा भाग असल्यामुळे त्यांच्या वाटेस आम्ही जात नाही.

तिसर्‍या अवस्थेपाशी मात्र थांबलेच पाहिजे. मराठी विषय शिकविणार्‍या कोणाला हा अन्यापदेशी भेटलेला नाही? तास संपल्यावर घडी घातलेला कागद पुढे येतो आणि त्याबरोबर ठरलेले वाक्य येते: सर, माझ्या मैत्रिणीने लिहिले आहे, जरा पाहता का? आपण कागद वाचतो, मैत्रिणीच्या दोन मात्रा चुकल्याचे सांगतो, आणि समोरचा चेहरा उतरतो. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या कवीने या अवस्थेला नाव दिले, एवढेच नव्हे, तर कवी होण्याच्या रीतसर पायर्‍यांत तिला स्थान दिले, हे आम्हांस त्याच्या साऱ्या प्रतिभाविचाराहून मोलाचे वाटते. हे लपणे त्याने दोषांत मोजलेले नाही.

ते का, हे दहाव्या अध्यायात कळते. हा कविचर्येचा अध्याय. दिवसाचे चार प्रहर कवीने कसे घालवावेत ते येथे सांगितले आहे. पहिल्या प्रहरी अभ्यास, दुसर्‍यात रचना, जेवणानंतर तिसर्‍यात काव्यगोष्ठी. चौथ्या प्रहरी एकट्याने किंवा मोजक्या मंडळींसह सकाळच्या रचनेची तपासणी करावी, कारण रसाच्या भरात असताना विवेकाची दृष्टी काम करत नाही. जास्तीचे काढावे, उणे असेल ते भरावे, विसरलेले आठवावे. अर्धवट रचना कोणापुढे वाचू नये, ती पुरी होत नाही. नवी रचना एकट्या माणसापुढे तर मुळीच वाचू नये. उद्या तो ती आपली म्हणू लागला तर साक्षीदार कोण? स्वतःच्या कृतीला फार मानू नये. ती इतरांकडून तपासून घ्यावी, कारण कर्त्याला जे दिसत नाही ते तटस्थाला दिसते. स्वतःस कवी समजणार्‍याची मर्जी राखावी, त्याचे ऐकून घ्यावे, पण आपली चांगली ओळ त्याच्यापुढे काढू नये. ती अरण्यात टाकल्यासारखी होते, शिवाय चोरीलाही जाते.

हे नियम वाचताना प्रथम हसू येते आणि मग लक्षात येते की त्यांतला निम्मा भाग भीतीचा आहे. आपल्याकडे नवोदिताच्या नम्रतेला संस्कार म्हणण्याची पद्धत आहे. राजशेखराचा नवोदित नम्र आहे, पण सावधही आहे. त्याला जाणत्यांची गरज आहे आणि जाणत्यांपासून जपायचेही आहे.

जाणत्यांविषयीही राजशेखराच्या मनात फारसा भाबडेपणा नाही. ऐकणार्‍याचे, म्हणजे भावकाचे, तो चार प्रकार मानतो: ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, गवतासकट सगळेच गिळणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी, आणि मर्म शोधणारा तत्त्वाभिनिवेशी. चौथा हजारांत एखादा. मत्सरी भावकाला गुण दिसतात, पण तो ते बोलून दाखवत नाही. आमच्या प्राध्यापकवर्गात दुसर्‍या प्रकारचीही बरीच वस्ती आहे, हे येथे नमूद करणे भाग आहे. विद्यार्थ्याच्या प्रत्येक कवितेला 'छान' म्हणणे हा सौजन्याचा प्रकार समजला जातो; तो वस्तुतः न वाचण्याचा प्रकार आहे.

राजाने कविसमाज भरवावा, असे सांगून राजशेखर सभागृहाचा आराखडाच देतो. सोळा खांब, चार दारे, मध्ये राजाचे आसन. उत्तरेस संस्कृत कवी, पूर्वेस प्राकृत, पश्चिमेस अपभ्रंश, दक्षिणेस भूतभाषेचे कवी. प्रत्येकामागे त्या त्या दर्जाचे इतर लोक: संस्कृत कवींमागे वेदज्ञ, वैद्य, ज्योतिषी, अपभ्रंश कवींमागे चितारी, सोनार, सुतार, लोहार, भूतभाषेच्या बाजूला गणिका, मल्ल, शस्त्रावर पोट भरणारे. उज्जयिनीत कालिदास, मेंठ, भारवी यांची आणि पाटलिपुत्रात पाणिनी, पतंजली यांची परीक्षा झाल्याची आठवण तो सांगतो. उत्तीर्ण होणार्‍यास ब्रह्मरथातून मिरवावे आणि पट्ट बांधावा. चारी भाषांना बसायला जागा आहे, हे खरेच उदार आहे. तरी जागा ठरलेली आहे, हेही तितकेच खरे. त्या वेळी नुकती बोलू लागलेली मराठी कोणत्या दाराने आत आली असती, असा प्रश्न आम्हांस पडतो. याच अध्यायात स्त्रियाही कवी होऊ शकतात, संस्कार आत्म्यावर होतो, तेथे स्त्री-पुरुष भेद नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. असो.

आता हरणाकडे वळू. अकराव्या अध्यायापासून दुसर्‍याचे शब्द आणि अर्थ उचलण्याचा विचार सुरू होतो. इतर चोर्‍या काळाने विसरल्या जातात, शब्दांची चोरी मुला-नातवांपर्यंत विसरली जात नाही, असे एक मत येते. त्याला लागूनच अवंतिसुंदरीचे मत येते. ही चौहान कुळातली विदुषी राजशेखराची पत्नी; तिची मते तो आदराने नोंदवतो. ती म्हणते की पुढील कारणांनी हरण चालते: हा अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध; याला प्रतिष्ठा नाही, मला आहे; याचे बोलणे गुळवेलीसारखे, माझे द्राक्षासारखे; याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे; याचा कर्ता परदेशी आहे; हे जाणणारे आता उरले नाहीत. अवंतिसुंदरी हे सरळ सांगते आहे की नामांकितांच्या मनातले चाललेले त्यांच्याच तोंडून वदवून घेते आहे? आमचा कल दुसर्‍या अर्थाकडे आहे. इतक्या निर्लज्ज युक्तिवादांची यादी सहानुभूतीने कोणी करत नसते. पण उपरोध असो वा उपदेश, यादी खरी आहे.

येथे दोन अध्याय शेजारी ठेवून पाहावेत. राजशेखराने तसे केलेले नाही. पाचव्यातला अन्यापदेशी भीतीपोटी आपल्या रचनेवरचे स्वतःचे नाव काढून टाकतो. अकराव्यातला प्रसिद्ध कवी जिच्यावर नाव नाही, अशीच रचना शोधतो आहे. नवशिक्याचा सर्वांत नाजूक क्षण आणि जाणत्याचा सर्वांत मोठा मोह हे एकाच जागी भेटतात. म्हणून नवागत आणि ज्येष्ठ यांच्या शिष्टाचारात नमस्कार कोणी आधी करावा हा प्रश्न किरकोळ ठरतो. नाव कोण राखतो, हा खरा प्रश्न राहतो.

मराठीतला या प्रश्नाचा जुना पाठ महानुभावांत सापडतो. भास्करभट्ट बोरीकर हे जाडे विद्वान. त्यांनी 'शिशुपाळवध' रचून पंथातल्या ज्येष्ठांस दाखविला. अभिप्राय आला तो असा, की ग्रंथ उत्तम झाला, परंतु शृंगार फार, विरक्तास योग्य नव्हे. भास्करभट्टांनी वाद घातला नाही आणि ग्रंथ बुडवलाही नाही. 'उद्धवगीता' हा दुसरा ग्रंथ लिहिला. पंथानेही दोन्ही जपले, दोन्ही साती ग्रंथांत गणले, आणि दोहोंवर भास्करभट्टांचेच नाव राहिले. नापसंत ठरलेली कृती जपून ठेवणारी मंडळी साहित्यव्यवहारात विरळाच.

सभेतली जागा वयावर ठरत नाही, हे 1885 साली दिसले. न्या. रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1878 नंतर दुसर्‍यांदा मराठी ग्रंथकारांची सभा भरत होती. जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेले. 'गुलामगिरी' प्रसिद्ध होऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती आणि फुले रानड्यांहून पंधरा वर्षांनी मोठे होते. पण त्या सभेच्या हिशेबात तेच नवागत. त्यांनी पत्राने नकार कळविला. ज्यांना सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, हा त्या पत्राचा आशय. दारे किती आहेत हे मोजत न बसता ते दारातूनच परतले.

'सत्यकथे'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाला लांब पत्रे लिहीत, तीच कथा पुन्हा पुन्हा लिहवून घेत. राजशेखराच्या चौथ्या प्रहराचे काम गिरगावातल्या त्या कार्यालयात अनेक वर्षे चालले आणि छापताना नाव लेखकाचेच राहिले. तरीही 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. तपासणी चोख होती. पण तपासणारे कोण आणि कोणत्या बाजूला बसलेले, हा आक्षेप होता. त्या तरुणांनी स्वतःची अनियतकालिके काढली. 1982 साली 'सत्यकथा' बंद पडली. आम्हांस दोन्ही बाजूंचे मोल वाटते, आणि कोणा एकीचे पारडे जड करण्याची घाई नाही.

या सर्वांत नाव देण्याचा प्रसंग एकच आहे, तोही वाटतो तितका सरळ नाही. 1907 साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. व्यवसायाने वैद्य, अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. तेथे धरणगावकडच्या एका सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. अध्यक्षांनी त्याला भर सभेत 'बालकवी' म्हटले. रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त त्या दिवसांच्या आठवणी आहेत. राजशेखराने सांगितलेला पट्टबंध तो हाच: साक्षीदार सगळी सभा, आणि कवितेवर नाव कायमचे. मात्र ते नाव ज्येष्ठांनी त्या दिवशी पाहिलेल्या वयाचे होते. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात ठोंबरे गेले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांची कविता तोवर पुष्कळ पुढे गेलेली होती. अभ्यासक्रमात आजही ती लावली जाते बालकवी या नावाखाली.