रोहिणखेडच्या घाटातली आखूड कमान

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले रोहिणखेड अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी वसले आहे. पयनघाटाची सपाट काळी जमीन इथे संपते आणि बालाघाटाच्या पठारावर चढणारी वाट सुरू होते. खानदेश, वऱ्हाड आणि दौलताबाद या तिन्हींना जोडणारी वाट ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड. त्यामुळेच दक्षिणेच्या इतिहासात या गावाच्या नावावर दोन मोठ्या लढाया आहेत. पहिली १४३७ ची, दुसरी १५९१ ची. या दोन लढायांच्या मधल्या दीडशे वर्षांत युद्धातले एक अप्रतिम कारागिरीचे हत्यार मागे पडायला लागले होते.

१४३७ च्या लढाईचे निमित्त घरगुती होते. खानदेशचा नासिर खान फारुकी याची मुलगी बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याला दिलेली. सुलतानाचे मन मात्र संगमेश्वरच्या राजाच्या मुलीत गुंतले. लेकीची उपेक्षा सहन न होऊन नासिर खान वऱ्हाडात घुसला. वऱ्हाडचे काही सरदार त्याला जाऊन मिळाले आणि बहमनी सुभेदाराला नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडून घ्यावे लागले. तेव्हा दौलताबादहून खलफ हसन बसरी निघाला. इराण, इराक, तुर्कस्तान, मध्य आशिया अशा मुलखांतून आलेले परदेशी तिरंदाज ही त्याच्या फौजेची मुख्य ताकद होती. रोहिणखेडच्या घाटात त्याने खानदेशी फौज मोडली, बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला आणि नासिर खानाने धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यात शेवटचा श्वास घेतला.

हे तिरंदाज दक्षिणेत होते, त्याला एक पूर्वकथा आहे. अलाउद्दीनचा बाप अहमदशहा विजयनगरच्या मोहिमेत शिकारीच्या नादात फौजेपासून तुटला आणि शत्रूच्या गराड्यात सापडला. परदेशी तिरंदाजांनी त्याला वाचवले. फिरिश्त्याच्या इतिहासानुसार त्यानंतर सुलतानाने अशा तीन हजार तिरंदाजांचे पथक उभारले आणि आपल्या सरदारांनाही मुलांना तिरंदाजी शिकवण्याची ताकीद दिली.

त्यांच्या हातातली कमान आखूड असे, कारण ती घोड्यावरून चालवायची. लांब कमान घोड्याच्या मानेला अडते. आखूड कमान डावीकडून उजवीकडे चटकन फिरवता येते. पण नुसत्या लाकडाची कमान आखूड केली, तर बाण पुरता ओढण्याआधीच ती मोडते. कारागिरांनी यावर थरांचा तोडगा काढला होता. मध्ये लाकडाचा पातळ गाभा. तिरंदाजाकडच्या बाजूला, म्हणजे कमानीच्या पोटाला, म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या. शिंग दाब उत्तम सोसते. निशाण्याकडच्या पाठीवर जनावरांच्या कंडरांचे कुटून काढलेले तंतू, सरसात भिजवून बसवलेले. कंडरा ताण सोसते. थर वाळायला महिनोन् महिने लागत. दोरी उतरवली की अशी कमान पुढच्या बाजूला उलटी वळे. दोरी चढवताना तिला मुळातच इतके वाकवावे लागे की बाण लावण्याआधीच तिच्यात जोर साठलेला असे.

तिचा वैरी होता ओलावा. दमट हवेत सरस मऊ पडतो, थर सुटू लागतात. पुढे हिंदुस्थानात अख्ख्या पोलादाच्या कमानी घडवल्या गेल्या, त्यामागे हेच कारण सांगतात. पोलादी कमान मारा कमी करी, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे टिके.

१५९१ मध्ये याच रोहिणखेडला निजामशाहीच्या गादीसाठी लढाई झाली. एका बाजूला बुऱ्हाण निजामशहा आणि खानदेशचा राजा अली खान, दुसऱ्या बाजूला महदवी पंथाचा सूत्रधार जमाल खान. जमाल खान बंदुकीच्या गोळीने पडला आणि निकाल लागला. गावातली जुनी मशीद त्याच महदवी पक्षातल्या खुदावंद खानाच्या नावाने ओळखली जाते.

गोळीने कमान एका दिवसात संपवली नाही. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी बर्नियरने नोंदवले की बंदूकवाला दोनदा बार काढतो तोवर घोडेस्वार सहा बाण सोडतो. पण तिरंदाज घडायला बालपणापासूनचा सराव लागे, कमान घडायला वर्ष लागे; तोड्याची बंदूक थोड्या दिवसांत शिकता येई. मागणी आटली तसे कमानगर दुसऱ्या कामांकडे वळले. कच्छमध्ये कमानी रंगवणारे हात भिंती रंगवू लागले आणि तिथली कमानगरी चित्रे त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

कारागिरी हरवली, तरी थरांचे तत्त्व विसाव्या शतकात परत आले. १९५० च्या आसपास अमेरिकेतल्या कारागिरांनी शिंग आणि कंडरा यांच्या जागी फायबरग्लास आणला. गाभा लाकडाचाच ठेवला. पाठीला आणि पोटाला सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काचतंतूंच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवल्या. साच्यात दाबून उबदार पेटीत ठेवलेली ही कमान एका रात्रीत पक्की होते आणि पावसाला भीत नाही. मात्र शिंग जितके दबते तितका फायबरग्लास दबत नाही. म्हणून आखूड कमानीचे बाहू मुठीजवळ तिरंदाजाकडे झुकवतात आणि टोकांकडे पुढे वळवतात. मुठीजवळच्या झुकावाने ताण हलका होतो आणि कमान हातात स्थिर राहते. टोकांच्या वळणाने बाणाला वेग मिळतो. दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत कडा घासत राहण्याचे काम अजूनही नजरेवर आणि हातावरच चालते.

आजच्या कंपाउंड धनुष्याला चाकांची जोड आहे, पण त्याचेही बाहू तंतू आणि राळ यांचेच असतात. त्याच प्रकारात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले आणि त्याच वर्षी हांगचौ एशियाडमध्ये भारताच्या सुवर्णपदक विजेत्या संघात स्थान मिळवले.

थरांची कमान घडवायची तर एका बाबतीत आपला मुलूख आधीच सज्ज आहे. थरांच्या कमानीच्या गाभ्यासाठी जगभरचे कारागीर बांबूच्या पट्ट्या आवडीने वापरतात, कारण बांबू हलका आणि चिवट. सातपुड्यातले भिल्ल पिढ्यान् पिढ्या बांबूचाच कमठा करत आले. त्याची दोरीही बांबूच्या सालीची. मोताळ्यातल्या एखाद्या सुताराने आखूड कमान करायला घेतली, तर काच आणि राळ तेवढी त्याला बाहेरून आणावी लागेल.