खुराक, नोकरी आणि बोली

खेळाडूच्या पोटाची सोय कोण करतो, यावर त्याच्या वस्तादाचे काम काय हे ठरत असते. आपल्याकडील तालमींचा आणि मैदानांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका दृष्टीने पाहिला, तर त्याचे तीन कालखंड पडतात : खुराकाचा, नोकरीचा आणि बोलीचा. दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस या तिन्हींच्या खुणा फार दूर न जाता सापडतात.

पहिला कालखंड आश्रयदात्यांचा. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी मल्लविद्येस उदार आश्रय दिला. खासबागेचे मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. मल्लाच्या दूध, तूप, बदामाची काळजी संस्थानाने वाहावी आणि वस्तादाने पट्ठ्याचे अंग, त्याचे डाव आणि त्याची चालचलणूक यांची, अशी ही वाटणी होती. कोणाशी जोड लावावी आणि कोणती अजून लावू नये, हा वस्तादाचा मोठा अधिकार. त्यात घाई करण्याचे त्यास कारण नव्हते, कारण पट्ठा कोठे जाणार नव्हता.

दिल्लीत राजाची जागा गिरणीमालकाने घेतली. राजस्थानातील चिडावा गावाहून आलेल्या विजयपाल यांनी बिर्लांच्या आश्रयाने आखाडा चालविला आणि ते गुरू हनुमान या नावाने देशभर ओळखले जाऊ लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे सतपाल हे त्यांचेच शिष्य. गुरू हनुमान १९९९ मध्ये निवर्तले. पण सतपाल यांनी छत्रसाल क्रीडागारात तीच परंपरा चालविली, आणि २००८ व २०१२ च्या ऑलिंपिक पदकांचे मानकरी सुशीलकुमार तेथूनच पुढे आले.

आश्रयदाता नाहीसा झाला म्हणजे काय होते, हे मात्र कोल्हापूरने आधीच पाहिले होते. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, आणि १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांस हेलसिंकीस जावयाचे तर पैसा उभा करण्याचा प्रश्न पडला. ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले, त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यानंतर ३ वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांस पोलीस खात्यात फौजदाराची जागा मिळाली. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहास आज त्यांचे नाव आहे.

ही फौजदारी म्हणजेच दुसऱ्या कालखंडाची चाहूल. रेल्वे, सैन्यदले आणि पोलीस खाती खेळाडूंचे नवे आश्रयदाते बनली. १९८० साली केंद्र सरकारने गुणवान खेळाडूंच्या भरतीविषयी आदेश काढला. 'क' आणि 'ड' गटांतील सरळ भरतीच्या ५ टक्के जागांपर्यंत त्यांस घेण्याची मुभा त्यात होती. राष्ट्रीय स्पर्धांप्रमाणेच आंतरविद्यापीठ स्पर्धांतील प्रतिनिधित्वही त्यासाठी धरले जाई. आम्ही सरकारी कागदांत वावरणारी माणसे असल्यामुळे या ओळींचे वजन आम्हांस चटकन कळते. जत्रेतील नारळावरच्या कुस्तीस प्रमाणपत्र नसते. विद्यापीठाच्या स्पर्धेस असते. वस्तादाचे लक्ष त्यामुळे मातीवरून गादीकडे आणि इनामावरून वजनगटाकडे वळले. शिष्यास नोकरी लावून देणे हाच कित्येक ठिकाणी त्याच्या यशाचा निकष झाला. यात हिणकस असे काही नव्हते. शेतकऱ्याच्या मुलास निवृत्तिवेतनाची शाश्वती लाभली, ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरा कालखंड २०१४ मध्ये प्रो कबड्डीने उघडला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला ज्या खेळाचे प्रात्यक्षिक केले, त्याच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी, हा शब्द राहिला. आणि खेळाडूंवर बोली लागू लागली. पहिल्या वर्षी सर्वाधिक १२ लाख ८० हजारांची बोली राकेशकुमार यांच्यावर लागली. ते दिल्लीच्या निजामपूर गावचे आणि रेल्वेचे नोकर. २०२३ मध्ये दिल्लीच्याच बवाना गावचे पवन सेहरावत यांस तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतले.

त्या वेळी साऱ्या संघासाठी खर्चाची मर्यादा ५ कोटींची होती. निम्म्याहून अधिक रक्कम एका चढाईपटूवर खर्ची पडल्यावर उरलेल्यांत बचाव उभा करावयाचा, हे नव्या प्रशिक्षकाचे गणित. पट्ठा कधी तयार होईल याची वाट पाहण्याऐवजी तयार खेळाडू किती रुपयांस घ्यावा, हे त्यास ठरवावे लागते. आणि एकाच पंगतीत बसणाऱ्या कोट्यधीशास व नवख्यास एका दमाने खेळवावे लागते. टायटन्सना त्या हंगामात २२ सामन्यांत अवघे २ विजय मिळाले. विजेत्या पुणेरी पलटणनेही इराणच्या शादलुईवर २ कोटी ३५ लाख खर्चिले होते; परंतु अस्लम इनामदार, मोहित गोयत यांसारखे तरुण त्यांनी आधीच घडवून ठेवले होते. पैसा निरुपयोगी नाही. तो घडणावळीच्या जागी चालत नाही, एवढेच.

अमेरिकेतही हेच मंथन चालू आहे. तेथील महाविद्यालयीन खेळाडूंस २०२१ पासून आपल्या नावावर पैसा मिळविण्याची मोकळीक मिळाली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने महाविद्यालयेच त्यांस वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतात. व्हर्जिनिया विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, या नव्या व्यवस्थेस आपण योग्य नाही असे सांगून पद सोडले. ज्यास घडविणे आवडते, त्यास दरवर्षी वाटाघाटी करणे जड जाते.

म्हणून खेळाडूस पैसा मिळू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. प्राचार्याने घर गहाण टाकावे, ही कथा गौरवाची असली तरी ती व्यवस्था नव्हे. प्रश्न आहे तो दहा-बारा वर्षांच्या मुलास हात धरून मैदानात उतरविणाऱ्या गावच्या वस्तादाचा. खुराकाच्या काळात आश्रयदात्याची नजर त्याच्यावर होती, नोकरीच्या काळात शिष्याची नेमणूक ही त्याची प्रतिष्ठा होती. बोली लागते तेव्हा तो सभागृहातही नसतो. फुटबॉलच्या जगात आंतरराष्ट्रीय करारबदलीच्या रकमेतील ५ टक्के वाटा खेळाडूस वयाच्या १२ ते २३ वर्षांत घडविणाऱ्या संघांसाठी ठेवण्याचा नियम आहे. तसा वाटा निजामपूर-बवान्याच्या आणि सातारा-सांगलीच्या मैदानांपर्यंत नेमाने पोहोचावा, ही मागणी दानाची नसून हिशेबाची आहे. हा हिशेब मांडला गेला नाही, तर काही वर्षांनी बोली लावणारे पुष्कळ असतील आणि बोली लावण्याजोगे थोडे.