एका यंत्रावर अनेक बिऱ्हाडं

गेवराईच्या शेतकऱ्याला ऑनलाइन सातबारा पाहायचा तर महाभूलेख या संकेतस्थळावर बीड जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडायचा. बीडचे 11 तालुके आणि राज्याचे सहा महसुली विभाग एकाच छताखाली नांदतात. फेरफाराची नोंद तलाठ्याने घालायची, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. बीड जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सामाईक व्यवस्थेवर चालतं. तिथे इतर जिल्हेही आहेत. मजकूर मात्र ज्याचा त्याचा.

वाडा एक, बिऱ्हाडं अनेक अशा या मांडणीला संगणकवाले मल्टी-टेनन्सी म्हणतात.

तिचं मूळ टंचाईत आहे. संगणक एवढा महाग होता की माणशी एक देणं कुणालाच परवडत नव्हतं. नोव्हेंबर 1961मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली. यंत्राचा वेळ तुकड्यातुकड्यांनी सगळ्यांना वाटायचा, अशी तिची रीत. एकाच्या फायली दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून पुढे पासवर्ड आला.

पण फट पासवर्डलाच पडली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते: एक रोजची सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डची यादी. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, असं गृहीत धरून एडिटर तात्पुरत्या फायलीला दर वेळी तेच नाव देई. दोन्ही फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले.

पुढे दोन वाटा फुटल्या. आयबीएमने 1972मध्ये ‘व्हीएम/370’ आणून प्रत्येकाला स्वतंत्र आभासी यंत्र दिलं. 1999मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्सने तक्ते सामाईक ठेवले आणि प्रत्येक ओळीवर ग्राहकसंस्थेचा क्रमांक घातला. पहिली वाट खर्चाची. दुसरी स्वस्त, पण एका शोधात तो क्रमांक तपासायचा राहिला तरी शेजाऱ्याचा माल उघडा.

सर्व्हर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आज हे सगळं मांडताना संस्था, तिचे वापरकर्ते, त्यांचे अधिकार आणि साठ्याची मर्यादा आधी ठरवावी लागते. मग दोन खोट्या संस्था उघडाव्यात आणि एकीच्या खात्यातून दुसरीचा सर्व्हर बंद करून पाहावा. तो बंद झाला, तर खऱ्या कार्यालयांना लॉगिन देऊ नका.