रोमटामेळ पथक : सहभाग आणि जबाबदारी

फाल्गुनातल्या शिगम्यात ढोल, ताशे, कांसाळे यांच्या गजरात, रंगीत झेंडे नाचवत एका लयीत निघणारा मेळ म्हणजे गोव्यातील रोमटामेळ. पणजी, फोंडा, मडगाव, म्हापसा, वास्को येथील शिगमोत्सव मिरवणुकांत त्याची स्पर्धा असते; लोकनृत्य आणि चित्ररथ यांच्या स्पर्धा वेगळ्या.

स्पर्धेच्या पथकात नाव देणे म्हणजे हौसेखातर गावच्या मांडावर नाचणे नव्हे. ओळीतला एक जण तालमीला आला नाही की पुढच्या-मागच्यांचे अंतर चुकते आणि त्या दिवशीची मेहनत सगळ्यांचीच वाया जाते. मिरवणूक संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालते. (ढोल हलका वाटतो तो पहिला अर्धा तासच.) त्यात एकच पथक अनेकदा वेगवेगळ्या शहरांत उतरते, तेव्हा मुलांना रात्री घरी कोण आणणार हे पालकांनी आधीच ठरवावे.

खरी अडचण पंचांगाची आहे. शिगमा आणि दहावी-बारावीची परीक्षा एकाच सुमारास येतात. त्या वर्षी मुलाला किंवा मुलीला रोज तालीम जमणार नसेल, तर तसे पथकप्रमुखांना सुरुवातीलाच सांगावे. ऐनवेळी गळणाऱ्या नर्तकापेक्षा झेंडे आणि वेशभूषा सांभाळणारा हात पथकाला जास्त उपयोगी पडतो.