झाकलेले, पण लोपलेले नव्हे

आईबापांचे गुण संततीत कसे उतरतात, हा प्रश्न पुरातन आहे. परंतु त्याचे मोजणीवर उभे राहिलेले उत्तर प्रथम एका मठाच्या बागेत मिळाले. योहान मेंडेल यांचा जन्म १८२२ साली ऑस्ट्रियन साम्राज्यातील सायलेशिया प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. १८४३ साली ते ब्रनो येथील संत थॉमसच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले व त्यांनी ग्रेगोर हे नाव धारण केले. १८४७ साली त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली. पुढे मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. तेथे १८५१ ते १८५३ या काळात पदार्थविज्ञान व गणित यांचे जे संस्कार त्यांच्यावर झाले, ते त्यांच्या बागेतील कामात स्पष्ट दिसतात.

दोन रंग मिसळावेत तसे आईबापांचे गुण संततीत मिसळून जातात, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. मेंडेल यांनी १८५६ पासून सुमारे आठ वर्षे वाटाण्याच्या सात लक्षणांची परीक्षा केली. वाटोळ्या दाण्यांच्या जातीचा सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातीशी संकर केला, तेव्हा सर्व दाणे वाटोळेच निघाले. परंतु त्या संकरित रोपांचे स्वपरागण होऊ दिल्यावर मिळालेल्या ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ वाटोळे व १,८५० सुरकुतलेले होते. म्हणजे प्रमाण जवळजवळ तिनास एक.

याचा उलगडा असा. प्रत्येक लक्षणासाठी रोपात दोन घटक असतात. एक पित्याकडून व एक मातेकडून आलेला. पुढील पिढीला त्यांपैकी एकच दिला जातो. दोन भिन्न घटक एकत्र आले असता जो प्रकट होतो तो प्रभावी, व जो झाकला जातो तो अप्रभावी. झाकलेला घटक मिसळून नष्ट होत नाही. दोन्ही बाजूंनी तोच आला की तो पूर्ववत प्रकट होतो.

१८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे हा निबंध वाचला व १८६६ साली तो छापला गेला. परंतु त्याचे मर्म फारसे कोणी जाणले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले आणि १८८४ साली निवर्तले. त्यांच्या कार्याचे महत्त्व जगाला पटले ते १९०० साली, द व्ह्रीस, कोरेन्स व चेरमाक यांच्या लेखनामुळे.

तथापि मान्यतेबरोबर विपर्यासही आला. ‘प्रभावी’ म्हणजे श्रेष्ठ किंवा हळूहळू सर्वत्र पसरणारा, असे काहींना वाटले. गणितज्ञ हार्डी यांनी १९०८ साली दाखवून दिले की, केवळ प्रभावी असण्याने कोणताही घटक लोकसंख्येत वाढत नाही. याहून घातक समजूत अशी की, बौद्धिक मंदत्व हे वाटाण्याच्या सुरकुतीप्रमाणे एकाच अप्रभावी घटकाने उतरते. तिचा आधार घेणाऱ्या सुप्रजननवाद्यांच्या प्रचाराने सक्तीच्या निर्बीजीकरणाला बळ मिळाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली असा कायदा उचलून धरला, आणि १९३३ साली जर्मनीत नाझी राजवटीने तसाच कायदा केला. वाटाण्यांविषयी शोधलेला नियम माणसांची प्रतवारी लावण्यास वापरला गेला.

वस्तुतः प्रभावी व अप्रभावी हे शब्द केवळ काय प्रकट होते एवढेच सांगतात. मोल सांगत नाहीत. थॅलसेमियाचा तीव्र प्रकार बहुधा दोन निरोगी दिसणाऱ्या वाहकांच्या अपत्यात प्रकटतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत हा संभव चारांत एक असतो, व त्यात माता व पिता यांचा वाटा सारखाच असतो. तरीही आपल्याकडे आजारी बालकाच्या जन्माचा दोष बहुधा मातेच्या माथी मारला जातो, किंवा त्यामागे कोणाचे तरी पाप शोधले जाते. जन्मांधाविषयी शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याने तो आरोप मान्य केला नाही. दुःखी घराचे सांत्वन करण्यास जाणाऱ्या सेवकाने मेंडेल यांचा हा साधा हिशेब जाणून असावे. कित्येक मातांच्या माथ्यावरचे अन्यायाचे ओझे तेवढ्याने उतरेल.