लिहिणारा आणि लिहून घेणारा

मंडळी, आजच्या विषयाचं निमित्त जरा घरगुती आहे. या मालेतलं आमचं मागचं व्याख्यान कोणीतरी कान देऊन ऐकलं, टंकलं आणि आमच्याकडे तपासायला पाठवलं. ते वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. चाळीसेक वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत आमचं भाषण छापून आलं होतं. आम्ही म्हटलं होतं, ईश्वर तर्काने सिद्ध करता येत नाही. छापताना ‘नाही’ गळलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं ‘नाही’ गळलं की मग उरतं काय? लोक भेटून अभिनंदन करायचे आणि आम्ही गप्प! भाषण कोणी उतरवलं, त्याचं नाव कुठेच नव्हतं.

लेखनकलेवर बोलताना आपण लिहिणाऱ्याबद्दल बोलतो. लिहून घेणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. वर्ध्यात तरी बोललं पाहिजे, कारण इथल्या एका माणसाची दोन पुस्तकं या दोन वाटांनी आली.

विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले. जानेवारी १९२३ मध्ये त्यांनी इथून ‘महाराष्ट्र-धर्म’ काढलं. (त्याच महिन्यात विदर्भ साहित्य संघाचीही स्थापना झाली.) पण आम्हाला सांगायचंय ते ‘गीताई’बद्दल. आईला मराठीत गीता हवी होती. वामन पंडितांची समश्लोकी तिला जड वाटली, तेव्हा ती मुलाला म्हणाली की तूच का लिहीत नाहीस? ती १९१८ साली गेली. मुलाने लिहायला घेतलं ७ ऑक्टोबर १९३० ला आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला संपवलं. म्हणजे बघा, लेखनाला चार महिने आणि त्याआधीची तयारी बारा वर्षांची. लिहून झाल्यावरही त्यांनी ती लगेच छापायला दिली नाही. आश्रमातल्या मुलींना शिकवली आणि जिथे त्या अडखळल्या तिथे शब्द बदलले. आज कवी हस्तलिखित समीक्षकाला दाखवतो, फार तर प्रकाशकाला. जी पोर ते पाठ करणार, तिला कोण दाखवतं?

दुसरं पुस्तक ‘गीता प्रवचने’. ते विनोबांनी लिहिलेलंच नाही. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी एक अध्याय घेऊन ते बोलले. २१ फेब्रुवारी ते १९ जून, बरोबर अठरा रविवार. समोर बसलेल्या राजबंद्यांत साने गुरुजी होते, त्यांनी ते उतरवून घेतलं. ध्वनिमुद्रण नाही, पुन्हा ऐकायची सोय नाही, आणि पुढच्या रविवारी नवा अध्याय.

आता एक गंमत बघा. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात याच गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. एकात गुरुजी वाचणाऱ्याच्या डोळ्याला पाणी आणतात. दुसऱ्यात तोच हात विनोबांच्या आखूड, गणिती वाक्यांमागून निमूट चालतो. स्वतःला इतकं आवरणं ही आमच्या मते मोठी कला आहे, स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड. तरी मधूनच एखाद्या ओळीत गुरुजींचा उमाळा जाणवतो. वर्गात विद्यार्थी विचारायचे, सर, हे वाक्य कोणाचं? प्रबंध लिहून पंडित झालेल्या आम्हाला उत्तर कधी देता आलं नाही, आजही येत नाही.

हे काही नवं नाही, बरं का. आपल्या मराठी गद्याची सुरुवातच मुळी अशी झाली. चक्रधरस्वामींनी ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ झालं. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांनी पाठभेद तसेच ठेवले, कोण काय म्हणतो ते नावानिशी. ते रिद्धपूर इथून फार लांब नाही, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. ज्ञानेश्वरीच्या शेवटीही लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. आमच्या स्मरणिकावाल्यांपेक्षा तेराव्या शतकातली मंडळी नेमकी होती, एवढंच म्हणतो.

वर्ध्याने साहित्य संमेलनंही पाहिली. १९६९ ला पु. शि. रेगे अध्यक्ष होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वं संमेलन नरेंद्र चपळगावकरांच्या अध्यक्षतेखाली झालं, आणि त्याच दिवसांत याच गावात विद्रोही संमेलनही भरलं, चंद्रकांत वानखडे अध्यक्ष. एका गावात दोन मांडव! आम्हाला ते वाईट वाटलं नाही, भांडण म्हणजे भाषा जिवंत असल्याची खूण. पण दोन्हीकडच्या परिसंवादांत लोक जे बोलले, त्यातलं कोणी किती उतरवून घेतलं? अध्यक्षीय भाषण छापलं जातं. भ्रमणध्वनीवर चित्रफिती उरतात, पण त्या दोन तास बसून कोण पाहतो? आता तर यंत्रच भाषण उतरवून देतं. आम्ही ते करून पाहिलं. यंत्राने ‘माया’चं ‘मया’ केलं. त्याचं काही वाटलं नाही, आम्हीही प्रूफं वाचताना कमी चुका केल्या नाहीत. खटकलं वेगळंच. आम्ही अडखळलो, वाक्य तोडून नव्याने सुरू केलं, ते त्याने सगळं जसंच्या तसं ठेवलं. कुठे आम्ही विचार बदलला आणि कुठे नुसतं खोकलो, हे त्याला समजलं नाही. गुरुजींना समजलं असतं.

तेव्हा जे कोणी हे व्याख्यान उतरवत असतील, त्यांना एक विनंती. खोकला काढून टाका, वाक्यं लांबली असतील तर मोडा, आणि शेवटी तुमचं नाव लिहा. वर मात्र ‘ईश्वर तर्काने सिद्ध करता येत नाही’ असं वाक्य आहे. त्यातलं ‘नाही’ तेवढं छापून येण्याआधी एकदा बघून घ्या.